भोकाड

हवी ती वस्तू मिळाली नाही म्हणून लहान मुलाने घर डोक्यावर घेतलं, की कुणीतरी म्हणतंच, "झालं! पसरलं भोकाड!" मोठ्या माणसाच्या रडण्याला हा शब्द सहसा लावत नाहीत, लावलाच तर चिडवण्यासाठी.

हा शब्द आला कुठून? 'भोक' म्हणजे छिद्र. रडताना मूल तोंडाचा मोठा आ वासतं, म्हणून 'भोकाड', अशी व्युत्पत्ती चटकन सुचते. सोबत 'पसरणे' हे क्रियापद असल्याने ती पटतेही. पण कान वेगळंच सांगतो. काही जण हाच शब्द 'भोंकाड' असा अनुस्वार देऊन उच्चारतात. भोजपुरी मुलखात मोठ्याने रडण्याला 'भोंकार पारणं' म्हणतात. संस्कृत धातुपाठात भुंकण्यासाठी 'बुक्क्' हा धातू आहे. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात त्याच अर्थाने 'भुक्क' येतो. आपलं 'भुंकणे' आणि हिंदीतलं 'भौंकना' याच घराण्यातले. भोकाडही त्यांचंच भावंड असावं, असं मला वाटतं. म्हणजे शब्दाचं मूळ तोंडाच्या आकारात नव्हे, आवाजात.

'हंबरडा' हा शब्दही जनावराच्या आवाजावरूनच आला. गाय हंबरते, तिच्यावरून माणसाचा हंबरडा. तरी या दोन शब्दांत केवढं अंतर! हंबरडा ऐकला की शेजारीपाजारी धावत येतात. भोकाड ऐकलं की कपाळाला आठ्या पडतात. रडणारा दोन्हीकडे जिवाच्या आकांतानेच रडत असतो. शब्द निवडतो तो ऐकणारा, आणि त्या शब्दातून आपल्या मनातली माया किंवा वैताग सांगून जातो.

तान्ह्या बाळाचं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतं, तीन-चार महिन्यांनंतर ते बरंच कमी होतं. भूक, झोप, ओलं दुपटं, पोटदुखी, सगळ्या तक्रारींसाठी त्याच्याकडे एकच भाषा. दीड-दोन वर्षांच्या मुलाजवळही शब्द तोकडेच. हट्ट आणि दुखणं दोन्ही ते एकाच सुरात सांगतं.

भोकाड हा शब्द टाकून द्यायचं काही कारण नाही. त्यात थट्टा आहे, घरगुती जिव्हाळाही आहे. एवढंच, की "पसरलं भोकाड" म्हणत स्वतःच्या कपाळाला हात लावण्यापूर्वी तो एकदा बाळाच्या कपाळाला लावून पाहावा.