वसंतचर्या : कोणाची आणि कोणाच्या जिवावर?

गेल्या चैत्रांतली गोष्ट. पाडवा नुकताच होऊन गेला होता. माझ्या धाकट्या भावाची मुलगी नोकरीनिमित्त पुण्यास आमच्याकडेच राहते. एका शनिवारीं रात्रीं जेवतांना तिनें जाहीर केलें कीं, उद्यांचा सबंध दिवस ती आपल्या शरीरास देणार. पहांटे टेकडीवर फिरणें, मग अंगास तेल, उटणें, सावकाश स्नान, हलकें अन्न, दुपारीं दार लोटून स्वस्थ पडणें, आणि मोबाइल दिवसभर बंद. घरांतल्या घरांत वसंताचें असें स्वागत करण्याचा तिचा बेत होता. गांवाहून आलेले आमचे थोरले बंधु म्हणाले, "हे अंगाचे चोचले आमच्या वेळीं नव्हते." पंक्तीस असलेल्या एका स्नेह्यांनीं उलट उत्साहानें एका आरोग्यनिवासाचा पत्ता देऊं केला, तेथें म्हणे हेंच सर्व तीन दिवसांत, भरभक्कम मोबदला घेऊन, शास्त्रोक्त रीतीनें होतें. मी मनांतून बंधूंच्या पक्षाचा होतों. आज मला वाटतें कीं, ते दोघेहि चुकत होते, मीहि चुकत होतों, आणि पुतणीचें बारा आणे बरोबर होतें. राहिलेल्या चार आण्यांसाठींच हा लेख आहे.

बंधूंचा आक्षेप आधीं घेऊं. शरीराकडे लक्ष देणें ही भोगासक्ति आणि दुर्लक्ष करणें हें चारित्र्य, अशी एक समजूत आमच्या सुशिक्षित घरांतून मुरलेली आहे. तिला परंपरेचा आधार आहे असें मात्र कोणीं समजूं नये. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'तील सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा आणि तिसरा ऋतुचर्येचा आहे. रोज अंगास तेल लावावें, विशेषतः डोकें, कान आणि पाय यांस, असें तो सांगतो. वसंताविषयीं त्याचें म्हणणें असें कीं, थंडींत सांचलेला कफ सूर्याच्या तापानें पातळ होऊन जठराग्नि मंद करतो. म्हणून या दिवसांत व्यायाम करावा, अंगास कोरडें चूर्ण चोळावें, जुने जव व गहूं, मध, सुंठीचें पाणी यांचें सेवन करावें, दुपार उद्यानाच्या सावलींत घालवावी, आणि जड, थंड, स्निग्ध, आंबट व गोड पदार्थ वर्ज्य करावे. दिवसाची झोंपहि वर्ज्यच. तेव्हां दुपारीं लोळत पडणें वाग्भटास रुचलें नसतें, हें मीं पुतणीस त्याच रात्रीं ऐकविलें. पण ऐकविणारा मी कोण? पाडव्यास आम्ही कडुनिंबाचीं पानें चिमूटभर खातों आणि श्रीखंड वाडगाभर!

कफाची ही उपपत्ति आजचें शरीरशास्त्र मानीत नाहीं, आणि ती कोणीं मानावी असा माझाहि आग्रह नाहीं. त्याच अध्यायांत सांगितलेलें वमन घरीं करून पाहण्याचा तर कोणीं विचारहि करूं नये. परंतु ऋतूच्या सांध्यावर थांबून आपल्या देहाची विचारपूस करावी, हा विवेक उपपत्तीहून टिकाऊ आहे. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे संस्थानाधिपति असून सूर्यनमस्कारांचा प्रसार करण्यांत त्यांनीं आयुष्य वेंचलें. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम काढून योगाभ्यास प्रयोगशाळेच्या कसोटीस लावला. या माणसांस चोचलेबाज म्हणण्याचें धाडस आमचे बंधुहि करणार नाहींत.

आतां स्नेह्यांचा मार्ग पाहूं. वसंत म्हटला कीं शरीरांतलें विष काढून टाकण्याच्या जाहिरातींना पालवी फुटते. अमुक रस, तमुक लेप, इतक्या दिवसांचा उपास, आणि शरीर म्हणे धुतल्या तांदळासारखें निर्मळ! हें विष कोणतें, तें कोणीं मोजलें, आणि रसानें तें नेमकें किती कमी झालें, असें विचारलें कीं विक्रेता मंद स्मित करतो. रक्तांतील निरुपयोगी द्रव्यें बाहेर टाकण्याचें काम यकृत आणि मूत्रपिंडें बारा महिने, चोवीस तास, बिनबोभाट करीत असतात. चैत्राची वाट पाहत तीं बसलेलीं नसतात.

त्यांतून हा विकाऊ वसंत आमचाहि नव्हे. चॉसरच्या एप्रिलांत पावसाच्या सरी येतात आणि माणसें यात्रेस निघतात, हें मी गेलीं तीस वर्षें वर्गांत शिकवीत आलों आहें. खिडकीबाहेर त्याच महिन्यांत रस्त्याचें डांबर मऊ झालेलें असतें. नागपूर-अकोल्याकडे तर पारा चाळिशी ओलांडतो. गोठलेल्या हिवाळ्यांतून सुटलेल्या माणसास कढत पाण्याची नांद, मेणबत्त्यांचा उजेड आणि लोंकरी पांघरूण हवेंसें वाटलें तर त्यांत नवल नाहीं. आमच्या चैत्रांत तीच सामग्री पैसे मोजून आणणें म्हणजे उन्हांत शेकोटी पेटविणें होय. आमच्या वसंताची गरज निराळी आहे, आणि ती आमच्या घरांस ठाऊकहि आहे: उन्हें चढण्यापूर्वींचें फिरणें, माठाचें पाणी, कैरीचें पन्हें, सुती कपडे, पातळ ताक-भात, आणि दुपारची सावली. यांतलें कांहींहि पुतणीस विकत आणावें लागलें नाहीं. येथपर्यंत तिचा पक्ष मला निरुत्तर करतो.

पण तो रविवार प्रत्यक्ष उजाडला तेव्हां काय झालें तेंहि सांगितलें पाहिजे. उटण्यासाठीं मसुरीचें पीठ चाळून ठेवलें माझ्या पत्नीनें. मुगाची वेगळी खिचडी केली तिनेंच. आम्हां बाकीच्यांसाठीं रोजचा स्वयंपाक होताच. पुतणीची दुपारची शांतता मोडूं नये म्हणून कुकरची शिट्टी होऊं न देण्याची काळजी तिनें घेतली. तेलानें बुळबुळीत झालेली न्हाणी तिनें ओणवें होऊन घासली, तेलकट पंचे वेगळे भिजविले. रात्रीं पाणी प्यावयास उठलों, तों स्वयंपाकघरांत दिवा दिसला. वाटींत उरलेलें तेल घेऊन ती आपल्या सुजलेल्या गुडघ्यांना लावीत बसली होती. "अहो, उरलेंच होतें, म्हटलें वायां कशाला जावें," असें ती म्हणाली. शरीराच्या सेवेचा आमच्या घरचा तो सोहळा माझ्या पत्नीच्या वांट्यास आला तो एवढाच.

हा दोष एका पुतणीचा नव्हे. ती बिचारी ज्या घरांत वाढली त्या घरांची ही रीत आहे. नरकचतुर्दशीस घरांतल्या पुरुषांस तेल-उटणें लावणारे हात स्त्रियांचे असतात. त्या हातांस तेल कोण लावतो, हें मला माझ्या आईविषयीं आठवत नाहीं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास पन्हें आणि वाटली डाळ पन्नास जणींस पुरविणारी गृहिणी अखेरीस भांडें खरवडते. तिच्या देहाची कोड पुरवून सेवा होते ती आयुष्यांत फार तर बाळंतपणाच्या सव्वा महिन्यांत. तेव्हां तेल आहे, शेक आहे, धुरी आहे. पण ती कदर निम्मी-शिम्मी मुलाच्या दुधासाठीं असते. सव्वा महिना संपला कीं तेलाची वाटी पुन्हां दुसऱ्यांच्या अंगांकडे वळते.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं देशभर पाहणी केली. तींत असें आढळलें कीं, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचीं दिवसास सरासरी २९९ मिनिटें त्यांत जातात, आणि तें करणाऱ्या पुरुषांचीं ९७. हे पुरुष म्हणजे सर्व पुरुष नव्हेत, तें काम करणारे तेवढेच. आणि असे शेंकडा २६ च निघाले. स्त्रिया निघाल्या शेंकडा ८१. ज्या घरांत कामाची वांटणी अशी आहे, तेथें कोणीं एकानें दिवसभर दार लोटून घेतलें तर त्याच्या वांट्याचें काम कोणाकडे जातें, हें सांगण्यास पाहणीची गरज नाहीं. मोलकरणीस रविवारचे चार पैसे जास्त देऊन प्रश्न मिटतो असेंहि नाहीं. तिच्याहि गुडघ्यांना रविवार असतो.

यावर ठराविक उत्तर येतें कीं, "त्यांना स्वतःलाच असलें कांहीं नको असतें." तीस वर्षें ज्या माणसास कोणीं विचारलें नाहीं, त्याचा नकार ही इच्छा आहे कीं संवय, हें पहिल्या नकारावरून कळत नाहीं. दुसरें उत्तर येतें, "मग घर चालावयाचें कसें?" घर त्या दिवशीं वाईट चालेल. भात चिकट होईल, वरणांत मीठ दोनदां पडेल. पडूं द्यावें. वाग्भटानेंच या ऋतूंत हलका आहार सांगितला आहे. बिघडलेल्या स्वयंपाकाइतका हलका आहार दुसरा कोणता?

माझी सूचना साधी आहे. ज्यास हवा त्यानें चैत्रांतला एक दिवस आपल्या देहास अवश्य द्यावा. पण घरांत पहिला दिवस तिचा असावा, जिचे हात वर्षभर इतरांच्या अंगांसाठीं झिजले. पीठ चाळणें, न्हाणी घासणें, पंचे भिजविणें हीं कामें त्या दिवशीं बाकीच्यांनीं करावीं, आणि त्याबद्दल संध्याकाळीं कौतुकाची अपेक्षा करूं नये.

यंदांच्या चैत्रांत आम्ही हें करून पाहिलें. पत्नीनें आधीं नाहीं म्हटलें, मग दोनदां उठून गॅस बंद आहे कीं नाहीं तें पाहून आली. पुतणीनें तिच्या पायांना तेल चोळलें. न्हाणी मीं घासली, आणि तेलकट फरशी एका घासण्यानें निघत नाहीं हें पंचावन्नाव्या वर्षीं मला कळलें. थोरल्या बंधूंस हा वृत्तांत पत्रानें कळविला आहे. त्यांचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं; परंतु वहिनींचा मात्र दुसऱ्याच दिवशीं फोन आला, आणि तेल कोणतें वापरलें, तें त्यांनीं विचारलें.