सूचिकारांचे ऋण

संशोधकाच्या परिश्रमास दिशा देणाऱ्या, परंतु विद्वत्सभेत ज्यांचा नामोल्लेख क्वचितच होतो, अशा संदर्भग्रंथांत शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चे स्थान अग्रगण्य आहे. १८०० ते १९३७ या कालखंडातील, आणि पुढील खंडात १९३८ ते १९५० पर्यंतच्या, मुद्रित मराठी ग्रंथांची नोंद करून त्यांनी जे दफ्तर सिद्ध केले, त्यावाचून कोणते पुस्तक केव्हा छापले गेले हे ठरविणे आजही दुष्कर झाले असते. मूळ प्रत नष्ट झाली तरी तिच्या अस्तित्वाची साक्ष सूचीच देते. म्हणून ग्रंथालयांनी आपल्या जीर्ण याद्या रद्दीत न घालता जतन कराव्यात, आणि सरकारने सूचिकार्यासाठी कायमची तरतूद करावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.