लॅपटॉप घेताना

सानिया दहावीत गेली. मोबाइलवर प्रकल्प लिहून तिचे डोळे दुखतात, म्हणून आपाने शिलाईतून जमवलेले 22,000 रुपये आमच्यापुढे ठेवले.

दुकानदाराने चकचकीत नवा लॅपटॉप काढला. रॅम 4 जीबी, साठवणूक 64 जीबी, आणि दोन्ही वाढवता न येणारी. विंडोजच त्यातली बरीच जागा खाते! आम्ही नको म्हटले. त्याच पैशांत एखाद्या कार्यालयाने वापरून काढलेला, दुरुस्त केलेला मिळत होता: 8 जीबी रॅम, 256 जीबी एसएसडी.

पण जुना घेताना प्रोसेसरचा नंबर वाचाच. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आय5-8250 मधला 8 म्हणजे आठवी पिढी. पहिला दाखवला तो आय5-7200 होता, परत दिला.

मग चार्जर काढून अर्धा तास व्हिडिओ चालवला, सानियाने एकेक बटण दाबून पाहिले. वॉरंटी बिलावर लिहून घेतली. बॅग मात्र आपाने घासाघीस करून फुकट मिळवली.