घाव मुळावर हवा!

हरळी, लव्हाळा आणि कुंदा ही नावे उच्चारली की महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या कपाळावर आठी उमटते. खुरपणी झाली, फवारणी झाली, पैसा गेला. आणि काही दिवसांतच रान पुन्हा हिरवे! मग दोष औषधाला दिला जातो व पुढच्या वेळी मात्रा वाढविली जाते. वस्तुतः बहुतेक वेळा चुकते ती औषधाची निवड आणि फवारणीची वेळ.

या बहुवार्षिक तणांचा प्राण पानांत नसून जमिनीखाली असतो. लव्हाळ्याच्या गाठी साखळीसारख्या जोडलेल्या असतात. ती साखळी तुटली की सुप्त गाठीही फुटतात. पॅराक्वाटसारखे स्पर्शजन्य औषध पाने जाळते, गाठ शाबूत राहते. २,४-डी मुख्यतः रुंद पानांच्या तणांवर चालते; हरळी व कुंदा ही गवते त्याला दाद देत नाहीत. उभ्या उसातील लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे निवडक औषध आहे.

ग्लायफोसेट आंतरप्रवाही आहे. पानांत तयार झालेल्या अन्नाबरोबर ते मुळापर्यंत पोहोचते. तण कोवळे असताना अन्न मुळाकडून वर चढते. भरपूर पाने येऊन फुलोरा सुरू होताना ते खाली उतरते. घाव घालण्याची वेळ तीच. पाणी गढूळ असेल, फवारणीनंतर लगेच पाऊस आला किंवा नांगर फिरला, तर सारा खर्च मातीमोल होतो. शिवाय हे औषध पिकालाही सोडत नाही.

याच औषधाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ‘संभाव्य कर्ककारक’ गटात घातले. भारत सरकारनेही ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेद्वारे त्याची फवारणी केवळ कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरती मर्यादित केली. निर्बंध योग्यच, परंतु असे प्रशिक्षित हात गावात नसतील, तर नियम कागदावर आणि विष बांधावर, हीच अवस्था राहणार. तेव्हा गावोगावच्या तरुणांना हे प्रशिक्षण देणे कृषी खात्याने आपले कर्तव्य मानले पाहिजे.

उन्हाळी नांगरट करून काशा व गाठी उन्हात वाळविणे आणि उरलेल्या वेचून काढणे, हा पहिला उपाय, औषध त्यानंतरचे. शत्रू जमिनीखाली दडलेला असताना केवळ शेंडे जाळून विजय मिळत नाही. त्यासाठी ज्ञान हवे, संयम हवा आणि वर्षानुवर्षांचे सातत्य हवे.