ही कसली संमती?

फडणवीस सरकारच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये कारखान्यातील कामाची रोजची मर्यादा 9 वरून 12 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. तिमाही ओव्हरटाइमची मर्यादाही 115 वरून 144 तास केली. आठवड्याचे 48 तास कायम राहतील, जादा कामाचा दुप्पट मोबदला मिळेल, कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असा खुलासाही झाला.

संमती कशी घेतली जाते, हे बोईसरच्या कंत्राटी कामगाराला विचारा. सही नाकारली की उद्यापासून गेट बंद! बाहेर दुसरा बेकार उभाच असतो. पोटाची लाचारी म्हणजे संमती नव्हे. परमपूज्य बाबासाहेबांनी 1947 मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये हेच बजावले होते: शासनाने अंग काढले की कामाचे तास वाढविण्याचे स्वातंत्र्य मालकाला मिळते, कामगाराला नाही.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1946 च्या दुरुस्तीने आठवड्याचे तास 54 वरून 48 झाले. त्यातून मिळालेल्या वेळेत आमचे बाप रात्रशाळेत गेले, युनियनमध्ये बसले, विहारात जमले. बारा तास रसायनांच्या वाफेत उभा राहिलेला तारापूरचा कामगार काय शिकणार, कधी संघटित होणार? मालकधार्जिण्या, मनुवादी सत्तेला नेमके तेच हवे आहे.

म्हणून बांधवांनो, एकट्याने सही करू नका. कागदाची प्रत मागा, ती युनियनमध्ये आणा. सही करायची की नाही, ते सर्वांनी मिळून ठरवू.