आकडा क्षारांचा, भीती जंतूंची

सोलापूरच्या हद्दवाढ भागात घरोघरी दोन पाणी असतात. नळाचं प्यायला, बोअरचं वापरायला. 1992 साली आजूबाजूची गावं शहरात आली, पुढे जुळे सोलापूर वाढत गेलं, शेळगी, बाळे, सोरेगावकडे प्लॉट पडले. घरं आधी झाली आणि नळ मागून आला. तो आजही तीन-चार दिवसांनी, कधी पाचव्या दिवशी येतो. मधले दिवस काढायचे ते बोअरवर.

त्या बोअरच्या पाण्याची ओळख पहिल्या महिन्यातच पटते. नव्या बादलीला आतून पांढरा थर धरतो. शॉवरची भोकं बुजतात, गीझरच्या कॉइलवर खडूसारखं कवच चढतं आणि वीजबिल वाढतं, कारण आधी ते कवच तापतं, मग पाणी. साबण फेस देत नाही, अंगावर चिकट राहतो. सगळ्यात जास्त छळते ती डाळ. तूर इथलीच, कुकरही नवा, तरी आमटीत दाणे वेगळे राहतात. पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला धरून बसतं आणि दाणा फुलू देत नाही. चिमूटभर सोडा टाकला की डाळ शिजते, हे इथल्या बायकांना रसायनशास्त्र न शिकता ठाऊक आहे. पूर्व भागात सूत रंगवणाऱ्यांनाही जड पाणी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. चादरीच्या सुतावर रंग एकसारखा चढत नाही, डाग पडतात.

हा जडपणा येतो पायाखालच्या काळ्या कातळातून. आपण दख्खनच्या बेसाल्टवर राहतो. मुरूम आणि भेगाळलेल्या खडकातून झिरपताना पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेतं. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात, ते वेगळेच. पाऊस भरपूर असता तर हे क्षार वाहून गेले असते. आपल्याकडे पाऊस कमी आणि बोअर मात्र दरवर्षी आणखी खोल. जितकं पाणी खोलातलं आणि जुनं, तितका त्याचा खडकाशी सहवास मोठा.

पण हे पाणी विष नाही, एवढं मला आज आधी सांगायचं आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा एकूण जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने तर जडपणासाठी आरोग्याच्या कारणाने मर्यादाच घातलेली नाही. मुतखडा जड पाण्यानेच होतो असं आपण सर्रास म्हणतो, त्याला ठाम पुरावा नाही. उन्हात कमी पाणी पिणं हे त्याचं कितीतरी खात्रीचं कारण आहे, आणि सोलापूरचं ऊन काय असतं ते सांगायला नको.

तरीही या जडपणाचीच भीती दारोदार विकली जाते, याचा मला राग येतो. आमच्या अपार्टमेंटमध्येही एक विक्रेता आला होता. त्याने दोन ग्लास मांडले, एकात आमचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या आरओ मशीनचं. दोन्हींत विजेच्या कांड्या सोडल्या. आमचा ग्लास क्षणात तपकिरी, गढूळ झाला. "बघा काकू, रोज हेच पिता तुम्ही!" शेजारच्या वहिनींचा चेहरा उतरला. ती घाण पाण्यात नव्हतीच. कांडी लोखंडाची असते, पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि कांडीचं लोखंड विरघळून तो गाळ होतो. मशीनच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात म्हणून तिथे काही घडत नाही. चांगल्या झऱ्याचं पाणी ठेवलं असतं तरी ते असंच तपकिरी झालं असतं.

टीडीएस मीटरचंही तेच. तो पाण्यात विरघळलेले एकूण क्षार अंदाजाने सांगतो, इतकंच. कॅल्शियम किती, नायट्रेट किती, हे त्याला कळत नाही. पाण्यात गटार मिसळलं असेल, कावीळ किंवा टायफॉइडचे जंतू असतील, तरी तो 250 आकडा दाखवून गप्प राहील. आणि आकडा 900 आला की आपण घाबरून वीस लिटरचा जार मागवतो. त्या जारवर ना तारीख, ना पाणी कुठे तपासलं त्याचा उल्लेख.

खरा धोका मला वाटतो तो नळाच्या पाळीत. सोलापूरला पाणी येतं तीन वाटांनी: उजनीवरून शंभराहून जास्त किलोमीटरच्या जलवाहिनीने पाकणीला, भीमेवरच्या टाकळीहून सोरेगावला, आणि 1871 साली पूर्ण झालेल्या एकरुख तलावातून भवानी पेठेला. उजनीत पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी वर्षानुवर्षं उतरतं, पाणी शेवाळाने हिरवं पडतं. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे 60 टक्क्यांजवळ गेलं. असं झालं की दुबार पंपिंग करून तळाचं पाणी उचलावं लागतं. तरीही शुद्धीकरण केंद्रात ते गाळलं जातं, त्यात क्लोरीन पडतं. घात होतो पुढे, आपल्या गल्लीत. पाळी संपली की पाइप रिकामा होतो. चार दिवस तो गटाराशेजारी तसाच पडून असतो. ज्या सांध्यातून पाणी बाहेर गळतं, त्याच सांध्यातून दाब गेल्यावर बाहेरची घाण आत ओढली जाते. त्यात प्रत्येक घर नळाला थेट मोटार लावतं, मग ओढ आणखी वाढते. वर चार दिवसांचं पाणी हौदात, पिंपात साठवायचं, म्हणजे डेंगीच्या डासांना पाळणाघर.

आरओ नकोच, असं माझं म्हणणं नाही. जिथे ड्रेनेज पोहोचलेलं नाही आणि शोषखड्ड्याशेजारीच बोअर आहे, तिथल्या पाण्यात नायट्रेट उतरू शकतं. त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, आणि तिला सवलत नाही, कारण तान्ह्या बाळांना ते घातक ठरतं. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं. तिथे आरओचा उपयोग आहे. पण नळाचं पाणी गोडं असताना ते मशीनमधून काढायचं आणि एका लिटरमागे दोन-तीन लिटर मोरीत सोडायचं, हे चार दिवसांनी पाणी मिळणाऱ्या गावाला परवडत नाही. शिवाय मशीन क्लोरीनही काढून घेतं. ते पाणी माठात दोन दिवस ठेवलं तर त्याला राखण उरत नाही.

फक्त साबण आणि गीझरची अडचण असेल तर सॉफ्टनर पुरतो. त्यातलं राळेचं भांडं कॅल्शियम धरतं आणि मिठातलं सोडियम सोडतं. टीडीएसचा आकडा त्याने उतरत नाही, म्हणून 'मशीन बिघडलं' अशा तक्रारी होतात. ते बिघडलेलं नसतं. उच्च रक्तदाब असलेल्यांनी मात्र ते पाणी पिऊ नये.

उजनीवरून येणाऱ्या दुसऱ्या, समांतर जलवाहिनीने शहरापर्यंत येणारं पाणी वाढतं, ते हवंच होतं. माझी मागणी त्यापुढची आहे. महापालिकेने दर आठवड्याला नगरवार नळाच्या टोकाला तपासलेलं क्लोरीन जाहीर करावं. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम, शेवटच्या घरापर्यंत. पाण्याची वेळ जशी छापून येते तसा हा आकडाही यावा. क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टला दोन मिनिटं लागतात. चावीवाल्याच्या हातात ती पेटी असली तरी पुरे.

आणि सोसायट्यांनी आपला बोअर वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, शासकीय प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. जडपणा, नायट्रेट, फ्लोराइड यांसाठी स्वच्छ बाटली चालते. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची, नमुना त्याच दिवशी पोहोचवायचा. अहवाल आला की तो जिन्याखाली, मोटारीच्या बटणाशेजारी, सगळ्यांना दिसेल असा लावायचा.