पाऊस मोजतो, मग पक्षी का नाही?

जून लागला की महाबळेश्वरचा पाऊस रोज वर्तमानपत्रात छापून येतो. चोवीस तासांत इतके मिलिमीटर, आजवर इतके, गेल्या वर्षी याच तारखेला इतके. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडणाऱ्या या पावसाचा आकडा आपल्याला मिळतो, कारण कुणी तरी ठरल्या वेळी पर्जन्यमापकापाशी जातो आणि लिहून ठेवतो. पाऊस पडला नाही त्या दिवशीही तो जातो आणि शून्य लिहितो. त्या शून्याला तितकीच किंमत आहे.

करडा धोबी यंदा कोणत्या तारखेला आमच्या घाटमाथ्यावर उतरला, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. उन्हाळ्यात हिमालयाच्या बाजूला पिल्ले वाढवून हा पक्षी पावसाळा ओसरताना इकडे येतो. पोटाखाली पिवळा, शेपूट सतत वरखाली करणारा. आमच्या सरकारी रुग्णालयामागे पाण्याच्या टाकीची गळती आहे (ती दुरुस्त होत नाही, हा वेगळा विषय), तिथल्या ओल्या सिमेंटवर तो दर हिवाळ्यात फिरताना दिसतो. धोबी त्याच त्या जागी दरवर्षी परत येतात, अशा नोंदी आहेत. हा तोच आहे का, मला माहीत नाही. तो कोणत्या तारखेला आला, हे मात्र मी गेली काही वर्षे फोनवर एक फोटो काढून लिहून ठेवतो. ही सवय मला एका रुग्णाने लावली.

ते एसटीचे निवृत्त चालक. पसरणी घाट त्यांनी किती वेळा चढला-उतरला असेल, याचा हिशेब नाही. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. चार वर्षांपूर्वी मेंदूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणे गेले. समजत सगळे होते, पण शब्द बाहेर येत नव्हता. डाव्या मेंदूतल्या विशिष्ट भागाला इजा झाली की असे होते. रुग्णाला समोरची वस्तू ओळखता येते, ती कशासाठी आहे हे कळते, पण नाव जिभेवर येत नाही. घरच्यांना वाटते, यांना आता काही कळत नाही. आणि माणूस गप्प गप्प होत जातो.

सुनेने त्यांची खुर्ची परड्यात, फणसाखाली ठेवायला सुरुवात केली, निव्वळ घरात कोंदट होते म्हणून. हातात जुना फोन दिला. पुढच्या खेपेला तपासणीला आले तेव्हा अण्णांनी डाव्या हाताने तो फोन माझ्यापुढे धरला. फोटो धूसर होता. सिमेंटच्या टाकीच्या कडेवर काहीतरी काळे बसलेले. कावळा असेल म्हणून मी मान हलवली. अण्णांना राग आला. त्यांनी ओठांचा चंबू केला आणि शीळ घातली. सलग, वर जाणारी, खाली येणारी, मध्येच भरकटणारी. बाहेर रांगेत बसलेले रुग्ण आत डोकावले. शीळकरी कस्तुर. सह्याद्रीत पहाटे ओढ्याकाठी माणसासारखी शीळ घालणारा निळसर काळा पक्षी. इंग्रजीत त्याला शीळ घालणारा शाळकरी पोरगा असेच टोपणनाव आहे. अण्णांना ‘कस्तुर’ हा शब्द सापडत नव्हता, पण पक्षी पक्का ओळखला होता. मी, बोलता येणारा माणूस, चुकलो होतो.

आता इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आरोग्याच्या सदरात असे काही लिहिले की लगेच ‘पक्षी पाहा, पक्षाघात पळवा’ असे संदेश फिरू लागतात. अण्णांचे बोलणे पक्ष्यांमुळे परत आले नाही. जितके आले ते वाचा-उपचारामुळे, सुनेच्या चिकाटीमुळे आणि काळामुळे. रक्तदाबाची गोळी चालूच आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील संशोधकांनी २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १,२९२ जणांनी फोनवर वेळोवेळी आपली मनःस्थिती नोंदवली. पक्षी दिसल्यावर किंवा ऐकू आल्यावर लोकांना बरे वाटत होते आणि तो परिणाम काही तास टिकत होता. नैराश्य असलेल्यांमध्येही ते दिसले. अभ्यास चांगला आहे. पण त्यात भाग घेणारे स्वतःहून आलेले होते, आणि ‘बरे वाटले’ म्हणजे आजार बरा झाला असे नव्हे. मी कुणालाही औषधाच्या चिठ्ठीवर बुलबुल लिहून देत नाही. पक्ष्याला औषध करून टाकले की आपण त्याच्याकडे पाहायचे थांबतो आणि आपल्या तब्येतीकडेच पाहत बसतो.

माझा आग्रह वेगळा आहे. डोंगरावर राहणाऱ्या माणसांनी आपल्या परसदारातल्या साध्या पक्ष्यांचे फोटो काढावेत, ओळख पटवावी आणि तारखेसह लिहून ठेवावे. ते काम आज दुसरे कुणी करत नाही.

इथे पक्षी पाहायला येणारे कमी नाहीत. हिवाळ्यात शनिवार-रविवारी हाताएवढ्या लेन्स घेऊन गाड्या येतात. त्यांना हवा असतो स्वर्गीय नर्तक किंवा घुबड. शिपाई बुलबुल त्यांच्या वाटेत येतो तेव्हा कॅमेरा खाली जातो. आणि जुलैत, धुक्यात हाताचा पंजा दिसत नाही तेव्हा, यांपैकी कुणी नसते. म्हणजे आमच्या डोंगराची नोंद होते ती थंडीतली, सुट्टीच्या दिवसांतली आणि देखण्या पक्ष्यांची. असा केसपेपर माझ्याकडे कुणी आणला तर मी निदान करू शकणार नाही.

देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर २०२३ मध्ये जो मोठा अहवाल आला, तो सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. ९४२ जातींचा विचार त्यात केला आहे. पण दीर्घकाळात संख्या वाढली की घटली हे सांगण्याइतकी माहिती फक्त ३३८ जातींबद्दल मिळाली आणि त्यातल्या साठ टक्के जाती घटलेल्या आढळल्या. उरलेल्या सहाशेंचे काय? त्या सुखरूप आहेत असे कुणी म्हणत नाही. त्यांचा केसपेपरच अपुरा आहे. पश्चिम घाटाबाहेर कुठेच न सापडणारे पक्षी आमच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांच्या कडेला बसतात. ते कमी झाले तर सर्वांत आधी कुणाला कळायला हवे?

ओळख पटवणे हे निदान करण्यासारखेच असते, आणि त्यातल्या चुकाही तशाच. दोन वर्षांपूर्वी मी निवासस्थानाच्या कुंपणावर एका शिंजीराचा फोटो काढला. पाठ लालभडक. मी आनंदाने ‘विगर्सचा शिंजीर’ असे लिहून मित्रांना पाठवला, कारण तो मला कधीचा पाहायचा होता. एका शिक्षकमित्राचे उत्तर आले, “डॉक्टर, पोट तपासलंत का?” पोट फोटोत कोपऱ्यात दिसत होते, पिवळे. विगर्सच्या नराचे पोट राखाडी असते. माझा पक्षी होता छोटा शिंजीर. तीस वर्षे विद्यार्थ्यांना ‘आधी पोट तपासा’ सांगणाऱ्याला हे ऐकावे लागले. हवे ते निदान आधी मनात धरायचे आणि मग त्याला जुळणारी लक्षणे शोधायची, हा रोग दवाखान्यातून परसदारापर्यंत येतो.

म्हणून फोटो सुंदर नसला तरी चालेल, तो उपयोगी असावा. एका बाजूने, पाठमोरा आणि शेपूट दिसेल असा, जमतील तितके. चोच जाड की बारीक, पायांचा रंग, पंखावर पट्टा आहे का. आकार सांगताना चिमणी, मैना, कावळा ही आपली जुनी मापपट्टी उत्तम आहे. रंग उजळवू नका. एक्स-रे उजळवून आणलेला मला चालत नाही, तसेच हे. आणि आवाज ध्वनिमुद्रित करा. थंडीत आमच्या झाडांवर हिरवट रंगाचे चिमुकले पर्णवटवटे येतात. त्यांच्यातल्या काही जाती इतक्या सारख्या दिसतात की फोटोवरून जाणकारही हात टेकतात, आणि एका आवाजाने प्रश्न सुटतो.

आवाजावरून आठवले. पन्नाशीनंतर कानाला उंच पट्टीतले सूर कमी ऐकू येऊ लागतात. फुलटोच्याची बारीक टिकटिक नातवाला ऐकू येते आणि आपल्याला नाही, असे होत असेल तर कान तपासून घ्या. मी घेतले. उत्तर आवडले नाही.

हल्ली फोटो दिला की फोनमधले अ‍ॅप नाव सांगते. वापरा, मीही वापरतो. पण त्याने सुचवलेली नावे म्हणजे शक्यतांची यादी. निदान तुम्ही करायचे. आणि नाव नाहीच पटले तर ‘ओळख पटली नाही’ असे लिहायला लाजू नका. रेटून लिहिलेल्या चुकीच्या नावाने यादी नासते, रिकाम्या जागेने नाही. पूर्वी ओळख पटवायची तर पक्षी मारावा लागे. लहानग्या सालिम अलींनी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेली गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत नेली, तिथल्या मिलार्डसाहेबांनी ती ओळखून दिली आणि पुढचा इतिहास घडला. आपल्या हातात आता फोन आहे, तेवढी सोय झाली आहे.

मात्र कॅमेराही इजा करू शकतो. घरट्याजवळ जाऊन फांद्या बाजूला करून काढलेला पिल्लांचा फोटो मला कुणी पाठवला की मी कौतुक करत नाही. आपण उघडी केलेली वाट कावळ्याला आणि मांजरालाही दिसते. पक्षी समोर यावा म्हणून फोनवर त्याचा आवाज वाजवणे हेही तसेच. ऐन विणीच्या काळात तो बिचारा न दिसणाऱ्या शत्रूशी भांडत राहतो.

फोटोसाठी दाणे टाकण्याबद्दल डॉक्टर म्हणून थोडे कडक बोलायला हवे. रोज एकाच जागी दाणे पडू लागले की बुलबुल-शिंजीर नव्हे, पारवे जमतात. त्यांच्या विष्ठेतली आणि पिसांतली धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेल्याने काहींच्या फुप्फुसांना सूज येते आणि ती कायमची आक्रसतात. खोकला, दम, वारंवार ‘ब्राँकायटिस’ म्हणून उपचार, आणि बाल्कनीत पारवे आहेत का हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. पक्ष्यांनाही गर्दी बाधते. ब्रिटनमध्ये २००५ नंतर ग्रीनफिंच या परसदारातल्या पक्ष्याची संख्या एका परजीवीच्या साथीने झपाट्याने घसरली. एकाच भांड्यात खाणेपिणे हा त्या साथीचा एक मार्ग होता. उन्हाळ्यात पाणी जरूर ठेवा, उथळ भांड्यात, आणि रोज घासून बदला. खाण्यासाठी जास्वंद, उंबर, जांभूळ लावा. आणि मेलेला पक्षी दिसला तर फोटो काढा, हात लावू नका. २०२१ च्या जानेवारीत राज्यात बर्ड फ्लू आला तेव्हा कावळेही मेले होते. एकाच ठिकाणी दोन-चार पक्षी मेलेले दिसले तर पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणे हे फोटोपेक्षा मोठे काम आहे.

आमच्याकडच्या शेतकऱ्यांची एक तक्रार मला नेहमी ऐकवली जाते. “साहेब, तुम्ही बुलबुलाचे फोटो काढा, आमची स्ट्रॉबेरी कोण खातंय ते बघा.” तक्रार खरी आहे. पण किती खातो, कोणत्या महिन्यात, कोणत्या वाफ्यावर, हेही नोंदीशिवाय कळणार नाही. शिवाय तोच पक्षी किडेही खातो. फवारणीचे औषध अंगावर जाऊन माझ्याकडे आणलेली माणसे मी पाहिली आहेत, त्यामुळे या हिशेबात माझे मन पूर्ण तटस्थ नाही, हे कबूल.

अण्णांकडे आता सुनेने आखून दिलेली वही आहे. रोज सकाळी पंधरा मिनिटे. ते फोटो दाखवतात, नात नाव लिहिते. आजवर पस्तीसेक जाती झाल्या. कावळा आणि बुलबुलही रोज लिहिले जातात, यावर त्यांचा कटाक्ष आहे. एका पानावर पर्णवटवट्याचा फोटो चिकटवला आहे आणि समोर प्रश्नचिन्ह आहे, दुसऱ्या हिवाळ्यापासून तसेच.

फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस जगभर परसदारातल्या पक्ष्यांची मोजणी होते. भारत त्यात २०१३ पासून आहे. किमान पंधरा मिनिटे एका जागी थांबायचे, दिसलेले सगळे पक्षी मोजायचे आणि यादी ई-बर्डवर टाकायची, इतकेच. घाटमाथ्यावरच्या शाळा, उपकेंद्रातल्या परिचारिका, आशाताई, हॉटेलांचे माळी यांनी त्यात उतरावे आणि मग जुलैतही तेच करावे, अशी माझी विनंती आहे. आमच्याकडे ओपीडी नऊला सुरू होते. साडेसातला मी टाकीपाशी असतो. यायचे असेल त्याने यावे, आणि चप्पल घसरणार नाही अशी घालावी.